झाकणाची आतली बाजू

"तास झाला करपतंय! चौथ्या मजल्यावरच्यांनी नाकं काय धुवायला टाकलीत का?"

लिफ्ट तीन माणसांची आणि आत तिघीच. बोलणारी सहाव्या मजल्यावरची शिवणवाली, ऐकणारी तिची पाहुणी आलेली बहीण, आणि तिसरी ती. तोंड आरशाकडे, पिशवीत लसूण आणि दोन लिंबं, राहायला चौथ्या मजल्यावर. शिवणवालीने तिला पाठमोरी ओळखलं नव्हतं, नाहीतर एवढं मोकळेपणाने बोलली नसती. "घरात कुणी नसेल गं," बहीण म्हणाली. "नसेल कसं? म्हातारी कायम असते की. आता तुला येतोय ना वास? लिफ्टमध्येसुद्धा भरलाय." बहिणीने नाकावर ओढणी धरली. आरशात तिला दोघींची नाकं दिसत होती, एक धरलेलं आणि एक फुरफुरणारं, आणि मध्ये तिचं स्वतःचं, शांत, सरळ, जागच्या जागी. तिने हळूच, कुणाला कळणार नाही अशा बेताने श्वास आत ओढला. हवा आत गेली, थंड लागली, बाहेर आली. बस. चौथा मजला आला तेव्हा ती उतरली नाही. त्या दोघींबरोबर सहाव्यापर्यंत गेली, त्या उतरल्यावर पुन्हा एकटी खाली आली, आणि एवढ्या वेळात चवळी आणखी करपली असेल हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही.

चवळी तिनेच गॅसवर ठेवली होती, बारीक आचेवर, रात्रभर भिजवलेली. लसूण संपलाय म्हणून ती खाली गेली. निघताना ती स्वयंपाकघरातच होती, म्हणजे तळाचे दाणे धरायला लागले तेव्हाही ती तिथेच असणार, हाताच्या अंतरावर, टेबलाखाली चप्पल शोधत. दार उघडलं तर घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. गॅस बंद. जळकं पातेलं मोरीत पाण्यात बुडवून ठेवलेलं, आणि वरवरची न करपलेली चवळी दुसऱ्या स्वच्छ पातेल्यात काढून, त्यावर तिचंच नेहमीचं झाकण ठेवून, पातेलं परत त्याच शेगडीवर. जणू काही झालंच नाही. सासूबाई टेबलापाशी बसून चष्म्याच्या काचा पदराने पुसत होत्या.

"आलीस? लिंबं मिळाली?"

"मिळाली. आई, ती चवळी..."

"हो ना, ऊन छान पडलंय आज," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंना ऐकू येत नाही, हे या घरात कुणी म्हणत नसे. तीन वर्षांपूर्वी आणलेलं कानातलं यंत्र कपाटाच्या खणात त्याच्या डबीत होतं आणि डबीला दोरा गुंडाळलेला होता. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं सासूबाईंचं मत होतं, आणि घरातल्यांनी ते मान्य करून आपापले आवाज एक पट्टी वर नेले होते. फक्त तिला कधी कळायचं नाही की अमुक एक वाक्य त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकू येऊन त्यांनी ते अलगद बाजूला ठेवलं. आता उन्हाचं म्हणाल्या तेव्हा त्यांनी चष्मा पुसताना मान वर केली नव्हती. ऐकू आलं नाही की त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत, म्हणजे हे ऐकलं असावं. ती पातेल्याकडे गेली, झाकण उचललं, एक दाणा चिमटीत दाबला. मऊ, सालीसकट मऊ. प्रत्येक दाण्याचा तो काळा डोळा शिजून थोडा विस्कटलेला, आणि पातेलंभर डोळे तिच्याकडे बघत होते. त्यांनाही ठाऊक होतं, आणि तेही काही बोलत नव्हते.

चार महिन्यांपूर्वी ताप आला होता. आठ दिवसांचा, साधा, सगळ्या गावाला येतो तसा. नवव्या दिवशी ती उठली, चहा ठेवला, आणि कपातून नुसतं गरम प्यायली. गरम आणि गोड. चहा नव्हताच त्यात. सर्दी असेल, म्हणून तिने वाट पाहिली. साबण नुसता गुळगुळीत झाला, पाऊस नुसता ओला. नवरा दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि संध्याकाळी त्या बारीक भुकटीचा, यंत्राच्या तेलाचा, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी त्याचा स्वतःचा असा एक वास घेऊन घरी यायचा. इतकी वर्षं तो मागून आला की तिला पाठीमागे न बघता कळत असे. आता तो मागून आला की ती दचकायची. पहिल्यांदा दचकली तेव्हा दोघं हसले. दुसऱ्यांदा तो एकटाच हसला. त्यानंतर तो दारातूनच खाकरायला लागला, आणि आपल्या घशाला काहीतरी झालंय म्हणून गुळण्याही करायला लागला, बिचारा. डॉक्टर म्हणाले होते, येईल, काहींना लवकर येतो, काहींना उशिरा, महिन्याने परत या. ती परत गेली नाही. गेली असती तर डॉक्टरांनी तिसरा प्रकारही सांगितला असता.

तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. एक दिवस दूध उतू जाऊन शेगडीवर जळून कोळसा झालं, ती शेजारीच भाजी चिरत होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दुकानातून चावीचं एक छोटं घड्याळ आणलं, ठरावीक मिनिटांनी घंटा वाजवणारं. "असंच पडून होतं," म्हणाला, आणि शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. त्यानंतर लेकीला एक नवीन खूळ लागलं. कॉलेजात कुणीतरी शिकवलं म्हणे. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर ती तारखेची चिठ्ठी चिकटवायला लागली. 'शिजवलं बुधवारी.' 'शुक्रवारपर्यंत संपवा.' ठकी, म्हणजे ही लेक, आजीने ठेवलेलं नाव, एरवी आपली वही कुठे आहे हे न सांगता येणारी मुलगी. आणि हे सगळं ती बघत होती, समजत होती, आणि न समजल्यासारखं करत होती, आणि त्यांना ते कळत होतं, आणि तेही... असा तो सगळा खेळ. एकमेकांच्या डोळ्यांवर हात ठेवून घरभर फिरायचं आणि कुणालाच कुठे ठेच लागत नाही याचं कौतुक करायचं. आज सकाळी तिने घड्याळाला मुद्दाम चावी दिली नव्हती. हट्टाने. माझ्या चवळीला घंटा लागत नाही.

तिने कोळंबीचा डबा फ्रिजमधून काढला. त्यावर लेकीची चिठ्ठी होती: 'आणली शनिवारी.' आणि चिठ्ठीच्या खाली, लेकीला ठाऊक नसलेलं, प्लॅस्टिकवर निळ्या पेनाने लिहिलेलं सतरा.

कामावर, मासळीच्या शीतगृहात, तिला सगळे 'नाकवाली' म्हणायचे आणि त्यात चेष्टा नव्हती. वीस वर्षांपूर्वी ती तिथे मासळी साफ करणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी राहायची. शिक्षण बेताचं, हात चपळ. एकदा तिने हातातली पेटी खाली ठेवली आणि ही मी साफ करणार नाही म्हणाली. जुना म्हातारा तपासनीस तिथेच उभा होता, त्याने ती पेटी नुकतीच पास केली होती. सगळ्या बायकांना वाटलं, गेली हिची नोकरी. म्हाताऱ्याने पेटीत पुन्हा तोंड घातलं, बराच वेळ घातलं, आणि म्हणाला, "उद्यापासून तू माझ्याबरोबर." मग त्याने शिकवलं. डोळा बघ, फुगीर आहे की बसलाय. कल्ला बघ, लाल आहे की तपकिरी. बोटाने दाब, खड्डा राहतो का बघ. पण हे सगळं गोळा करून डोळे मीट आणि मगच वास घे, कारण बाकीचे सगळे साक्षीदार फितूर होतात, बर्फाने होतात, पाण्याने होतात. आणि एक लक्षात ठेव, म्हातारा म्हणायचा, चांगल्या मासळीला वास नसतो. कापलेल्या काकडीचा येईल फार तर. ज्याला लोक मासळीचा वास म्हणतात ती तिची मरणाची बातमी असते, उशिरा पोचलेली.

चांगल्या मासळीला वास नसतो. हे वाक्य ती गेले चार महिने रोज पेटीवर वाकताना ऐकत होती. डोळे मिटायची, श्वास घ्यायची, आणि वास नसायचा. तिच्यापुरती जगातली सगळी मासळी ताजी झाली होती. कधी कधी त्या पांढऱ्या थंड खोलीत, पंख्यांच्या घुमण्यात, वाकल्या वाकल्या तिला वाटायचं की आपण फार खोल पाण्याखाली आहोत, जिथे काहीच अजून मेलेलं नाही, मासे नुसते झोपलेत एकावर एक, आणि आपण त्यांची झोपमोड न करता हजेरी घेतोय. आहे. आहे. आहे. मोठी मासळी असली की तिला डोळ्यांनी आणि बोटांनी निभावून नेता यायचं. वीस वर्षांचा हात होता. पण कोळंबी यायची ती डोकी काढलेली, सोललेली, गोठवलेल्या विटांमध्ये. तिला ना डोळा, ना कल्ला. एक वीट फोडून नळाखाली वितळवून सोडवायची, बोटांत मोडायची, आणि नाकाला लावायची. तिथे नाकाशिवाय कुणी साक्षीदारच नाही.

लॉट सतराची वीट तिने काल दुपारी सोडवली होती. ट्रक वाटेत अर्धा दिवस बंद पडला होता असं हमाल आपसात बोलत होते, बर्फ पातळ झाला होता, पण विटा पुन्हा कडक होत्या. तिने मोडली, नाकाला लावली, डोळे मिटले. काकडी नाही, काहीच नाही. फारच नासली असती तर निदान नाकात झोंबली असती, असं तिने स्वतःला समजावलं. नाकातली टोचणी तिला अजून कळायची, गेला होता तो वास. तिने कागदावर खूण केली. शेजारी शिक्केवाली हिरवा शिक्का घेऊन उभी होती. बारा वर्षं शेजारी शेजारी काम केलेली बाई. एकीने खूण करायची आणि दुसरीने ठप्प करायचं, मध्ये कधी थांबायचं नाही. काल ती थांबली. फार नाही, शिक्का शाईवरून उचलून कागदापर्यंत न्यायला लागतो त्याहून श्वासभर जास्त.

"ठीक ना गं?"

"ठीक."

"बघ हं. वासाचं तुझं तू." आणि ठप्प.

आणि मग ती म्हाताऱ्याची जुनी रीत. सोडवलेली वीट परत गोठवता येत नाही. म्हातारा म्हणायचा, ज्याने माल पास केला त्याने तो नमुना घरी न्यायचा आणि रविवारी आपल्या पोराबाळांना घालायचा. कागदावर सही कुणीही करेल, खरी सही ही. म्हातारा गेला, रीत राहिली, कारण ती तिने राखली. या घरात रविवारी जे ताटात येतं ते सोमवारी पहाटेच्या ट्रकने हजार घरांत जातं. चार महिन्यांतले सोळा रविवार तिने मोजले नव्हते, तरी तिला ते सोळा आहेत हे माहीत होतं. सोळाही वेळा काही झालं नव्हतं. नशीब, दुसरं काय. आणि नशिबाला नाक नसतं.

कढईत तेल तापलं. तेलाचा आवाज ओळखायला ती नव्याने शिकली होती, लसूण टाकल्यावर तो आधी ओला तडतडतो, मग कोरडा, मग गप्प होतो, आणि गप्प झाला की मिरची घालायची. मिरची! तेवढी एकच तिला सोडून गेली नव्हती. जिभेला खारट, आंबट, गोड कळायचं, पण ते कसं, तर दूरच्या खोलीत कुणी दिवा लावावा तसं. तिखट मात्र सरळ अंगावर यायचं. तिखट ही चव नव्हेच, दुखण्याचीच एक जात ती, पण निदान दुखतंय हे तरी कळतं. म्हणून गेल्या चार महिन्यांत या घरातलं तिखट चमच्याचमच्याने वाढलं होतं. नवरा जेवताना कपाळ पुसायचा आणि म्हणायचा, आज उकडतंय जरा. लेक डोळ्यांतून पाणी काढत चवळीत किती प्रथिनं असतात ते सांगायची, म्हणजे चवळीच जास्त वाढून घेता यावी. आणि चवळी तरी काय. पूर्वी तिला चवळी म्हणजे आठवड्यातलं एक कर्तव्य वाटायचं, आता ती सगळ्यांत जवळची झाली होती. दाणा जिभेवर घेतला की आधी त्याची साल, मग ती सुटणं, मग आतला तो लोण्यासारखा पिठूळ मऊपणा. चवळीला अंग होतं. बाकी सगळं जेवण भूत होऊन यायचं, चवळी हाडामांसाची यायची.

तिने लाल मिरची घातली आणि वाफ घशात शिरली, डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनी तिने कोळंबी डब्यातून कढईत ओतली. गुलाबी होत गेली, वळत गेली, हवी तशी वळली. दिसायला इतकी देखणी की तिला क्षणभर ते सगळं स्वप्नात चाललंय असं वाटलं, स्वप्नातल्या जेवणाला असाच वास नसतो. टोमॅटो, मीठ, लिंबू. तिने झाकण ठेवलं.

हे झाकण पितळेचं, वर छोटी कडी असलेलं, थोडं चेपलेलं. लेक तीन वर्षांची असताना काही खायची नाही, तेव्हा तिने हा खेळ काढला होता. शिजत आलं की झाकण उचलायचं, चटकन उलटं करायचं, आणि आतल्या बाजूला जमलेल्या वाफेच्या थेंबांचा वास घ्यायचा. पातेल्यातलं खोटं बोलेल, झाकण बोलणार नाही. "सांग, काय कमी आहे?" लेक आपलं बोटभर नाक झाकणात घालायची आणि म्हणायची, "साखर!" कोळंबीलासुद्धा साखर. तेव्हा तिच्या टाळूचा वास झाकणाच्या वासात मिसळायचा, कोवळा, दुधाळ, उन्हात ठेवलेल्या कापसासारखा, आणि तिला कळायचं नाही की आपण वाकलोय ते कशासाठी. खेळ राहिला, मोठा झाला, रविवारचा झाला. आधी तिने वास घ्यायचा, मग झाकण टेबलावर फिरायचं, लेक, नवरा, सासूबाई, प्रत्येकाने काय कमी ते सांगायचं, आणि शेवटी तिने निकाल द्यायचा. गेल्या चार महिन्यांत एवढाच फरक पडला होता की ती आधी झाकण लेकीकडे द्यायची आणि म्हणायची, आज तू आधी. त्या टाळूचा वास तिला आता आठवायचाही नाही. वासाचं हे एक वाईट, तो गेला की आठवणीतूनही आपलं सामान घेऊन जातो. दुधाळ, कापूस, ऊन हे शब्द उरले होते, रिकाम्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखे.

टेबलावर ताटं मांडली गेली. वर सहाव्या मजल्यावर शिवणवालीचं मशीन चालू झालं होतं, तिचा तो एकसुरी टकटकाट उघड्या खिडक्यांतून आत येत होता. नवरा हात धुऊन बसला. दाराशी खाकरून आला होता, रविवारी घरातच असूनही. तिने गॅस बंद केला, झाकण उचललं, उलटं केलं. थेंब गोळा होऊन कडेला ओघळले.

"ठके, आज तू आधी."

लेकीने झाकणावर वाकून श्वास घेतला. आणि लगेच नाही, त्या श्वासाच्या शेवटी, तिची भुवई हलली. एवढीशी. काल शिक्का हवेत थांबला होता तेवढीच.

"छान," लेक म्हणाली. "काही कमी नाही."

आजवर या मुलीने काही कमी नाही असं कधी म्हटलं नव्हतं. तीन वर्षांची असल्यापासून तिला काहीतरी कमी होतंच.

झाकण नवऱ्याकडे गेलं. त्याने ते नाकापासून जरा दूरच धरलं, भिंगाची काच उजेडात धरून तपासतो तसं. "वा," म्हणाला. "मस्त."

मग सासूबाईंकडे. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ धरलं. मग टेबलावर पालथं ठेवलं, आतली बाजू खाली, आणि त्यावर तळहात दाबून म्हणाल्या, "चवळी चांगली झालीये. मला चवळी वाढ."

तिने सगळ्यांना चवळी वाढली. कोळंबी वाढली, लालभडक, चमकणारी. हात सवयीने चालत होते आणि ती स्वतः कुठेतरी मागे राहिली होती, लिफ्टच्या आरशात बहुतेक. तिथून तिला हे टेबल दिसत होतं: चार माणसं, खिडक्या उघड्या, ऊन पालथ्या झाकणावर. किती चांगली माणसं, तिला वाटलं. मी विष वाढलं तरी वा म्हणतील. आणि ते वाटून झालं आणि मगच त्याचा अर्थ तिच्या अंगात उतरला, पायांपासून वर, थंड. म्हणतील नाही. म्हणालेत. आत्ताच म्हणाले. आणि आता खातील, माझं मन राखायला खातील, आणि उद्या पहाटे तो ट्रक निघेल, हजार टेबलांकडे, जिथे माझं मन राखायचं कुणाला काही कारण नाही आणि कुणी ओळखतही नाही मला, फक्त हिरव्या शिक्क्यावर विश्वास आहे. आणि बोलले तर? तर नाकवाली गेली. वीस वर्षं गेली, पुन्हा रांगेत, किंवा रांगेतही नाही. या वयात, या शिक्षणावर. मग या घरात मी कोण, झाकण कुणी उलटं करायचं?

नवऱ्याने चमच्यावर कोळंबी घेतली. नेहमी तोच पहिला घास घेतो. चमचा ताटापासून वर निघाला.

तिने त्याचं मनगट धरलं.

"थांबा."

"काय झालं?"

"खाऊ नका ते."

"अगं, छान झालंय. जरा तिखट असेल इतकंच..."

"अजून तोंडात कुठे घातलंय तुम्ही?"

चमचा तिच्या हातासकट हवेत राहिला. तिने लेकीकडे पाहिलं. "ठके, खरं सांग. झाकणाला कसला वास होता?"

लेकीने बाबांकडे पाहिलं, मग आजीकडे. "मसाल्याचा. लसणाचा."

"त्याच्या खालचा सांग."

लेकीची हनुवटी तीन वर्षांच्या मुलीसारखी थरथरली. "ओल्या पोत्यासारखा," ती म्हणाली. "थोडासाच, आई. मला वाटलं, मलाच वाटतंय."

"मलाही वाटलं, मलाच," नवरा चमच्याकडे बघत म्हणाला.

तिने त्याच्या हातातून चमचा काढून घेतला आणि ताटात ठेवला. आवाज झाला, मोठा वाटला. "शिक्केवालीला फोन लाव," ती लेकीला म्हणाली. "माझ्या फोनवरून. टेबलावर ठेव, मोठ्याने लाव. सतरा थांबवायला हवा, उद्या पहाटे निघतोय." लेकीने नंबर लावला. फोन ताटांच्या मधोमध, पालथ्या झाकणाशेजारी ठेवला, घंटी जायला लागली. नवऱ्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि तो मान हलवत होता, नको म्हणून की हो म्हणून ते तिला कळलं नाही. "राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "आपण फक्त माल खराब आहे एवढंच सांगू. बाकीचं..." बाकीचं. चार महिने या घरात त्याला 'बाकीचं' म्हणत होते, की मनातल्या मनातही नाव नव्हतं?

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

ते वाक्य इतके दिवस आत राहून इतकं मऊ झालं होतं की ओठांबाहेर पडलं ते नुसती वाफ होऊन. तिला स्वतःलाच ऐकू आलं नाही. फोनमधली घंटी थांबली. "हॅलो? काय गं, आज रविवारी कशी आठवण?" शिक्केवालीचा आवाज ताटांवरून पसरला.

आणि तेव्हा टेबलाच्या त्या टोकाला सासूबाई पुढे झुकल्या. त्यांनी झाकणावरचा हात उचलला, आणि आजवर या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं तसा तो आपल्या कानामागे धरला, पंजा पसरून, सगळ्यांसमोर.

"काय म्हणालीस?" त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही गं, बाई. मोठ्याने सांग."

वरचं शिवणाचं मशीन थांबलं होतं. फोन वाट बघत होता. ती उभी राहिली, दोन्ही हात टेबलावर टेकले, आणि छाती भरून श्वास घेतला, थंड, रिकामा, पुरेसा.

"आई, मला वास येत नाही! चार महिने झाले! मला कशाचाच वास येत नाही!"